अक्कांनी धरलेलं ऊन

बंगळुरातल्या चामराजपेटेतल्या रघुपतीची उभी हयात लोकांच्या लग्नांचे फोटो काढण्यात गेली. अठ्ठावन्न सालच्या वैशाखात तो बैलगाडीतून कॅमेरा घेऊन व्हाइटफील्डपलीकडच्या एका खेड्यात गेला. वधूवर मांडवात उभे राहिले, तसं त्याने डोक्यावर काळं कापड ओढलं. आत काचेवर नेहमीसारखं सगळं उलटं दिसलं. मांडव खाली, माणसं डोक्यावर उभी, आणि मागची गाईगुरं आभाळात चरत असल्यागत वर तरंगणारी. तिथे शिरलं की त्याला जागेपणी स्वप्न पडल्यासारखं वाटे.

नवरीचा चेहरा मात्र सावलीत बुडाला होता. त्याने कापडाबाहेर येऊन पाहिलं, तर तिची आई अनुसूया गोठ्याच्या दाराआड उभी होती. विधवेने लग्नाच्या फोटोत यायचं नाही, ही रीत त्याला ठाऊक होती, आणि दरवेळी त्या रीतीचा संतापही येई.

“अक्का, स्वल्प, जरा इकडे या. माझं हे जादाचं पांढरं धोतर उन्हात धरा. लेकीच्या तोंडावर उजेड पाडायचाय.”

“नको अण्णा, फोटोत येईन मी.”

“नाही येणार. मी बघतो ना!”

कुणी हरकत घेतली नाही. कामाला तिला कधीच मनाई नव्हती. तिने धोतर ताणून धरलं. त्यावरचं ऊन लेकीच्या गालांवर गेलं आणि लेक आईकडे बघून हसली.

फोटोच्या कडा कापून नीट करायची रघुपतीची सवय होती. या फोटोच्या कडेला धोतर धरलेली चार बोटं आली होती. त्याने कात्री उचलली आणि तशीच खाली ठेवली.