बाटलीतलं पाणी

लातुरात आमच्या गल्लीत एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन तुरीची डाळ विकायला यायची. डाळ घरच्या जात्यावर भरडलेली, असं सांगायची. माझा काही विश्वास बसला नव्हता. मागच्या खेपेची डाळ शिजलीच नाही, हे मी तिला तोंडावर सांगितलं.

ती रागावली नाही. पायरीवर बसली, पदरानं मान पुसली आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली.

"डाळीत खोट न्हाई, ताई. तुमच्या बोअरच्या जड पाण्यात ती शिजंना. हे आमच्या हिरीचं पाणी हाय. माझ्यासमोर ह्यात खिचडी टाका."

टाकली. अर्ध्या तासात डाळ तांदळात लोण्यासारखी मिसळून गेली. तसा माझा संशय डाळीवरून उठून बाटलीवर जाऊन बसला. हिनं पाण्यात खायचा सोडा कालवला असणार. ती गाठोडं बांधायला वळली तेव्हा मी बाटलीच्या तळाशी उरलेलं पाणी हळूच जिभेवर घेतलं. नुसतं गोड पाणी होतं.

मान वर केली तर ती दारातून माझ्याकडेच पाहत होती.

"प्या की सगळं," ती म्हणाली. "वाटंत प्यायला आणलं होतं. आता घोटभर ठेवून काय करू?"