निळ्या स्टँडमधला बाळासो

बाळासोनं सात वर्षं फुटबॉलची एकही मॅच बघितली नव्हती. कोल्हापुरात, तेही स्टेडियमच्या पाठीमागच्या गल्लीत राहून, हे सोपं नव्हतं. सीझनमध्ये दुपारी चारला शिट्टी वाजायची आणि मग बसल्या जागी त्याला सगळं कळायचं. आता कॉर्नर मिळाला, आता बॉल बारवर आपटला, आता रेफ्रीला शिव्या पडल्या. बायको संयोगिता अशा वेळी उठून टीव्हीचा आवाज वाढवायची. घरात 'मॅच' हा शब्द कुणी काढत नसे.

त्याआधी तो पेठेच्या टीमचा हलगीवाला होता. उद्यमनगरात लेथवर काम आणि मॅचच्या दिवशी अर्धी सुट्टी. भगवा टी-शर्ट घालून तो हलगीवर पहिली थाप मारायचा तेव्हा अख्खा स्टँड उभा राहायचा. टीम मिरजेला गेली, बेळगावला गेली, की हा पाठोपाठ. हलगी मांडीवर घेऊन टेम्पोत बसलेला बाळासो सगळ्या पेठेला माहीत होता.

मग शेजारच्या पेठेशी ती फायनल झाली. पेनल्टीवर हरले. मॅच सुटल्यावर त्या पेठेच्या तोंडाशी दोन्हीकडची पोरं समोरासमोर आली, दगड सुटले आणि बाळासोच्या मुलाचा, आदर्शचा, डावा डोळा गेला. पोरगा बारावीत होता. "गर्दीनं आमास्नी ढकलत तिकडं नेलं," असं बाळासोनं पोलिसांना सांगितलं. संयोगिताला तेच सांगितलं. पुढं विचारील त्याला तेच सांगत राहिला. थोरली मुलगी प्रियदर्शनी तेव्हा नर्सिंग शिकत होती. भावाच्या डोळ्याची पट्टी रोज तीच बदलायची. एक दिवस पट्टी बदलून झाल्यावर हात धुता धुता तिनं बापाकडून शब्द घेतला.

"पप्पा, परत मॅचच्या गर्दीत जायचं न्हाय. आपल्या न्हाय, कुणाच्याच न्हाय."

"न्हाय जात," बाळासो म्हणाला. आणि गेला नाही.

प्रियदर्शनीला पुढं स्कॉटलंडमध्ये, डंडी नावाच्या शहरात, हॉस्पिटलात नोकरी लागली. यंदा तिनं आईबापाला बोलावलं. संयोगिता म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी आदर्शजवळ थांबते." आदर्शचं झेरॉक्सचं दुकान होतं, तो काही लहान नव्हता. पण बाळासोनं वाद घातला नाही. जानेवारीत तो एकटाच डंडीला पोचला. मुक्काम दोन महिन्यांचा होता.

मुलगी सकाळी अंधारात ड्युटीला जायची आणि रात्री आठला यायची. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, आणि दार असं की बाहेर पाऊल टाकलं की आपोआप बंद व्हायचं. पहिल्याच आठवड्यात किल्ली आत ठेवून तो बाहेर आला आणि सहा तास जिन्यात बसून राहिला. त्यानंतर तो फारसा बाहेर पडेना. चहा करायचा, भांडी घासायची, खिडकीशी बसायचं. खिडकीतून चढावरचे दिव्यांचे उंच खांब दिसायचे. ते कशाचे आहेत हे त्यानं पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. मुलीला मात्र विचारलं नाही.

सगळं त्याला खालच्या मजल्यावरच्या स्टुअर्टनं सांगितलं. सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यानं अधू झालेला म्हातारा. बाळासोनं त्याच्या सामानाच्या पिशव्या दोनदा वर आणून दिल्या होत्या. हातवाऱ्यांनी आणि पाचपन्नास इंग्रजी शब्दांनी बाळासोला कळलं, की शहरात दोन टीम आहेत आणि दोन्हींची मैदानं एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर आहेत. एकीचा रंग नारिंगी, दुसरीचा निळा. बाळासो हसायलाच लागला. ही तर पेठाच की! त्यानं मोबाईलवर आपला हलगी वाजवतानाचा जुना व्हिडिओ लावला. स्टुअर्टनं तो तीनदा बघितला.

त्या शनिवारी या दोन टीमची आपसात मॅच होती. स्टुअर्टचे गुडघे सुजले होते. त्यानं आपलं सीझनभराच्या तिकिटाचं कार्ड आणि निळा मफलर बाळासोच्या हातात ठेवला. प्रियदर्शनी ड्युटीवर होती. बाळासो अर्धा तास कार्ड हातात धरून पलंगावर बसला. मग किल्ली खिशात आहे हे दोनदा चाचपून बाहेर पडला. बसून बघायचं, हलायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

जागा निळ्यांच्या ऐन मध्यात होती. पुढं, मागं, दोन्ही बाजूंना निळेच. नारिंगी लोक समोरच्या टोकाला. ते गात होते आणि गाणं थांबलं की टाळ्यांचा एक ठेका धरत होते. बाळासोनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. कोण खेळतंय हे त्याला माहीत नव्हतं, पण भगव्याच्या जवळचा तो रंग माहीत होता. पाऊण मॅच तो तसाच बसला. खांदे आखडून गेले. बाजूचा माणूस काहीतरी विचारायचा आणि हा नुसती मान हलवायचा.

सत्तराव्या मिनिटाला नारिंगी टीमचा एक बारकासा पोरगा दोघांमधून निसटला.

"अरं घाल! घाल की!"

बॉल जाळ्यात गेला तेव्हा बाळासो उभा होता, दोन्ही हात वर. सगळा निळा स्टँड मुका झाला होता आणि त्यात हा एकटाच ओरडत होता. कुणीतरी त्याच्या गळ्यातला मफलर ओढला. पाठीवर गार काहीतरी सांडलं. पिवळं जाकीट घातलेली एक बाई आणि एक पुरुष पायऱ्या चढून आले आणि त्याच्या दोन्ही दंडांना धरून त्याला खाली घेऊन गेले. बाई सारखी काहीतरी समजावत होती. त्यातला 'सेफ्टी' एवढाच शब्द त्याला कळला.

स्टँडच्या पोटात एक खोली होती. खिडकी नव्हती. मोडक्या खुर्च्यांची चळत, एक टेबल, वर ट्यूबलाईट. बाईनं त्याला बसवलं, तळहात दाखवून 'थांबा' अशी खूण केली आणि दार ओढून घेतलं. बाळासोला वाटलं, पोलीस येणार. मुलीचा व्हिसा जाणार, नोकरी जाणार. उठून दार बघायचंही त्याला धाडस होईना. डोक्यावर हजारो पाय आदळत होते आणि प्रत्येक गर्जनेला छताची धूळ पडत होती.

प्रियदर्शनीला त्यानं चारदा फोन लावला. ड्युटीवर तिचा फोन कपाटात असायचा. मग त्यानं आदर्शला लावला. कोल्हापुरात संध्याकाळ झाली होती.

"पप्पा? कसला दंगा चाललाय तिकडं?"

"मॅचला आलोय."

"बरं," आदर्श म्हणाला. "मग?"

"धरलंय मला. खोलीत बसवून ठेवलंय. तुझ्या ताईला फोन लागंना झालाय."

"काय केलासा?"

"दुसऱ्यांच्यात बसून ओरडलो."

"एवढंच?"

"या वेळी एवढंच," बाळासोच्या तोंडून निघून गेलं. आणि मग त्याला पुढचं थांबवता येईना. "आदर्श, त्या दिवशी गर्दीनं न्हवतं ढकललं. सगळी माझ्याकडं बघत हुती, हलगी कुठं वळतीया म्हणून. घराकडं वळलो असतो तर सगळी घराकडं आली असती. मीच म्हटलं, चला, त्यांच्या दारात वाजवू. मीच नेलं."

वर पुन्हा पाय आदळले.

"मला म्हाईत हाय," आदर्श म्हणाला. "तुमच्या मागंच हुतो की मी. ऐकलंतं."

"मग... सात वर्सं बोलला का न्हाईस?"

"तुम्ही बोलशीला म्हणून थांबलतो."

मग आदर्शनंच विचारलं, "स्कोर काय झालाय?" त्यानं सांगितला. "बरं. गप बसा तिथंच. कोण काय म्हटलं तर सॉरी म्हणा," असं म्हणून आदर्शनं फोन ठेवला.

मॅच संपल्यावर ती बाई कागदी कपात चहा घेऊन आली. पोलीस वगैरे कुणी आलं नाही. गर्दी पांगेपर्यंत तिनं त्याला तिथंच बसवलं आणि मग बाजूच्या फाटकातून सोडलं. कार्ड परत दिलं, मफलर काही सापडला नाही. बाळासो उतारावरून एकटाच चालत घरी आला.

त्यानं रात्री मुलीला दोन्ही गोष्टी सांगितल्या, इथली आणि तिथली. प्रियदर्शनीनं ऐकून घेतलं, ताट झाकून ठेवलं आणि आत जाऊन झोपली. त्यानंतर मुक्काम संपेपर्यंत ती त्याच्याशी जेवणाखाणापुरतंच बोलली. चार आठवडे उरले होते. बाळासोनं ते त्या तिसऱ्या मजल्यावर काढले. एकदा बाजारात जाऊन स्टुअर्टसाठी नवा निळा मफलर आणला, तेवढाच काय तो बाहेर पडला.

कोल्हापुरात आल्यावर त्यानं संयोगितालाही सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"आता सांगून काय मिळालं तुम्हाला?" तिनं विचारलं.

मन मोकळं होतं म्हणतात, तसं त्याचं काही झालं नव्हतं. इतकी वर्षं ती खोटी गोष्ट एकट्यानं सांभाळली होती, आता घरातली चारही माणसं खऱ्या गोष्टीभोवती जपून वावरत होती.

आदर्श मात्र मॅचला जायला लागला. दुकानाचं शटर अर्धं ओढून जातो, एकटाच. स्टँडच्या अगदी टोकाला, डावी बाजू भिंतीकडं करून बसतो, म्हणजे तिकडून कुणी येत नाही. घरी आल्यावर कोण कसं खेळलं ते बापाला सविस्तर सांगतो. बाळासो समोर बसून ऐकतो, मधेच एखादा प्रश्न विचारतो. 'चला' असं आदर्श अजून एकदाही म्हणालेला नाही, आणि 'येऊ का' असं बाळासोनं विचारलेलं नाही.