मराठीच्या तासाला वर केलेले हात

दहावीला आम्हाला मराठी शिकवायला जे सर होते ते गेवराईकडचे. आमचं गाव बीड जिल्ह्यात, लिंबागणेशच्या रस्त्याला. सर गावातच खोली करून एकटे राहायचे. अंगाने बारीक, बोलायला सावकाश. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं, की अलंकारांची उदाहरणं गाइडमधली चालणार नाहीत.

"घरून आणा," ते म्हणाले. "तुमच्या आया दिवसभर अलंकारातच बोलतात. तुमचं लक्ष नसतं."

वर्ग हसला. आमच्यातल्या बहुतेकांच्या आया दसरा-दिवाळीनंतर घरी नसायच्याच. त्या ऊसतोडीला कारखान्यावर जायच्या आणि उन्हाळा लागला की यायच्या. तोवर आम्ही कुणाच्या तरी घरी. मी काकूकडे असायचे.

पण ते जूनचे दिवस होते आणि आया घरी होत्या. दुसऱ्या दिवशी एका मुलीने उपमा आणली: "माझ्या आईच्या टाचा उन्हाळ्यातल्या रानावानी भेगाळल्या." सरांनी ती फळ्यावर लिहिली. टाचा हे उपमेय, रान हे उपमान, भेगाळणं हा साधारण धर्म, 'वानी' हा साधर्म्यवाचक शब्द. आमच्या घरातली 'वानी' फळ्यावर कुणी लिहिलेली मी पहिल्यांदा पाहिली. व्यतिरेकासाठी दुसरी म्हणाली, "कोयत्यापरीस उसाचा पाला धारदार." ती दोन वर्षं आईबापाबरोबर तोडीला जाऊन आलेली होती. सरांनी विचारलं, "खरंच?" तिने बाही वर करून हात दाखवला.

मला तो तास फार आवडायचा. मला उत्तरं यायची. सरांनी प्रश्न पुरा करायच्या आत माझा हात वर जायचा. आईला मी घरी येऊन सांगायचे, आज सर मला काय म्हणाले, माझं कोणतं वाक्य फळ्यावर गेलं. ती भाकरी थापता थापता ऐकायची आणि म्हणायची, "मग तू मास्तरीण व्हय."

आईला त्या वर्षी फार त्रास होता. अंगावरून जायचं, दिवस दिवस थांबायचं नाही. उसाच्या फडात तर बाईला आडोसाही नसतो. आधीच्या हंगामात तिचे खाडे पडले होते आणि मुकादमाने माझ्या वडिलांना, आप्पांना, ऐकवलं होतं, की बाईचं काय ते बघ, न्हाई तर पुढच्या साली टोळीत घेत न्हाई. वस्तीवरच्या बायकांनी तिला एका खाजगी डॉक्टरचं नाव सांगितलं. श्रावणात एका दिवशी आप्पा तिला बीडला घेऊन निघाले. मलाही शाळा बुडवून नेलं, कारण मला वाचता येत होतं.

डॉक्टरने पोटावर मशीन फिरवलं आणि दोन मिनिटांत सांगितलं, की पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. आईचं वय तेव्हा बत्तीस-तेहतीस असेल. ती आप्पांकडे बघत राहिली. आप्पा म्हणाले, "काढून टाकू मग. रोजची कटकट जाईल."

नर्सने एक कागद आणला आणि सही करायला सांगितलं. आईला सही येत होती, वाचता येत नव्हतं. नर्स मला म्हणाली, "शिकलेली हायस ना? दाखव वाचून."

मी वाचून दाखवलं. उभी राहून, वर्गात धडा वाचावा तसं, जोडाक्षरं नीट उच्चारत. बाकावरच्या दोन-तीन बायका माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या, ते मला कळत होतं. कागदावर 'गर्भाशय व दोन्ही अंडाशये' असं होतं. तेही मी स्पष्ट वाचलं.

आई म्हणाली, "काय काय लिवलंय?"

"पिशवी काढायचंच लिवलंय," मी म्हणाले.

दोन गोष्टी लिहिल्या होत्या, मी एकच सांगितली. खोटं बोलायचं म्हणून नाही. दुसरी कशाला लागते ते मला माहीत नव्हतं, आणि एवढं छान वाचून झाल्यावर मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. आईने सही केली.

पाच-सहा दिवसांनी तिला घरी आणलं. बायका भेटायला यायच्या आणि म्हणायच्या, "झालीस बाई मोकळी." आई हसायची.

नंतरच्या महिन्यात सर पर्यायोक्ती शिकवत होते. म्हणाले, हे पुस्तकात नाही, पण तुमच्या तोंडात आहे. सरळ न सांगता आडून सांगणं. कुणी गेलं तर आपण मेला म्हणत नाही, देवाघरी गेला म्हणतो. "आता तुम्ही सांगा."

मागच्या बाकावरची एक मुलगी, जी कधी बोलत नसे, ती म्हणाली, "सर, मोकळी झाली."

"कोण मोकळी झाली? कशातून?"

मुलींच्या रांगेत सगळ्यांनी माना खाली घातल्या. मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. ती मुलगी उभीच होती. म्हणाली, "पिशवी काढली की तसं म्हणत्यात, सर. कुणी पिशवी काढली म्हणत न्हाई."

सर फळ्याकडे वळले होते, ते तसेच थांबले. मग वळून त्यांनी विचारलं, बहुधा काही विचार न करता विचारलं असावं, "म्हणजे तुमच्यात कुणाकुणाच्या आईची?"

प्रश्न विचारला की हात वर करायचा, एवढंच आम्हाला माहीत होतं. मी केला. माझ्या शेजारणीने केला. मुलींच्या रांगेत बघता बघता जवळजवळ निम्मे हात वर झाले. मुलांचं हसणं थांबलं. मग त्यांच्या रांगेतही एक-दोन हात वर आले.

सर म्हणाले, "खाली घ्या. हात खाली घ्या." ते खुर्चीत बसले. तास संपायला अजून वेळ होता, पण त्या दिवशी त्यांनी पुढे काही शिकवलं नाही. घंटा झाल्यावर जाताना त्यांनी आमच्या रांगेकडे बघून हात जोडले. आम्हाला ते विचित्र वाटलं आणि वरांड्यात आम्ही त्याची नक्कल केली. मीही केली.

दिवाळीनंतर आई तोडीला गेली. जखम वरून भरली होती. काकू म्हणाली, "एवढ्यात कशापायी जाती? अंग तरी भरू दे." आई म्हणाली, "माझ्याबिगर ह्यांना कोण घेतंय?" तोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला कुणी धरत नाही.

जानेवारीत आप्पा एकटेच गावाकडे आले. मी काकूच्या दारात दप्तर भरत होते. त्यांनी पाणी घेतलं आणि ते बसले. मग म्हणाले, "तुझी माय मोळी घिऊन पडली. गाडीत चढायच्या फळीवरनं. कंबर धरलीय. उभं राहवंना."

"दवाखान्यात नेलं का?"

"इंजिक्शन दिलंय." मग जमिनीकडे बघत म्हणाले, "दोन महिने चल. पेपराला आणून सोडतो."

काकू भांडली. पण बोलून झाल्यावर तिनेच माझी पिशवी भरली. निघायच्या आधी मी सरांच्या खोलीवर गेले. ते कपडे वाळत घालत होते. मी सांगितलं तसे ते म्हणाले, "मी बोलू का वडिलांशी?" मी म्हणाले, "बोलून काय होईल, सर?" त्यांनी हातातला कपडा दोरीवर टाकला. आत जाऊन त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली व्याकरणाची वही आणून दिली आणि म्हणाले, "परीक्षेला ये मात्र. काही करून ये."

कारखान्याजवळच्या माळावर आमची पाचटाची कोपी होती. वाकून आत जायचं आणि आत बसूनच राहायचं, एवढीच उंची. आई आतल्या बाजूला पडून होती. मला बघून तिने तोंड भिंतीकडे केलं. तशीच म्हणाली, "तुला कशाला आणलं गं?"

उजाडायच्या आत आम्ही फडात असायचो. आप्पा तोडायचे, मी उसाचा पाला काढून तो साळायचे, मोळ्या बांधायचे आणि डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत न्यायचे. पहिल्या आठवड्यात माझे हात, मान, गाल, सगळं पाल्याने कापलं. मला रडायला यायचं आणि आप्पा दुसरीकडे बघायचे. एकदा ते म्हणाले, "तुझी माय बी पहिल्या साली अशीच रडायची." त्यांना मला धीर द्यायचा होता.

वही मी दुपारी जेवताना उघडायचे. उघडली की झोप यायची.

आईची कंबर नुसती पडल्याने दुखत नव्हती. थंडीत तिच्या अंगातून वाफा यायच्या, ती गोधडी भिरकावायची, परत कुडकुडायची. रागवायची, मग रडायची. आप्पांना वाटायचं, बाहेरचं काही झालं. फेब्रुवारीत माळावर एक आरोग्य शिबिर आलं. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आईला तपासलं आणि विचारलं, "पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का?"

आई म्हणाली, "न्हाई, पिशवीच."

मी शेजारी उभी होते. मी म्हणाले, "काढलीत. कागदावर होतं."

बाईंनी मला समजावून सांगितलं. ती काढली की बाईची पाळी तर जातेच, पण हाडांचं बळही जातं. या वयात ती काढायला नको होती. गोळ्या लिहून दिल्या. आई ऐकत होती. परत येताना मी तिचा हात धरला होता, बांधावरून तिला जपून उतरवत होते. ती म्हणाली, "तुला वाचायला आलतं ना, बाई?"

"आलतं."

"मग?"

बांध उतरून झाला तरी मी तिचा हात सोडला नाही. तिने परत कधी विचारलं नाही. आजवर नाही.

आप्पांनी शब्द पाळला. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला गावात आणून सोडलं. मराठीच्या पेपरात व्याकरण सोपं होतं, पण बोटं मिटत नव्हती आणि पेन धरता येत नव्हता. शेवटचा निबंध अर्धा राहिला. पास झाले. गणितात काठावर, मराठीत जेमतेम. निकाल घ्यायला गेले तेव्हा सर नव्हते. त्यांची दुसरीकडे बदली झाली होती आणि खोलीला कुलूप होतं.

पुढे मी बीडला बारावी केली. मास्तरीण झाले नाही. लग्न होऊन गेवराईला आले, इथे एका कपड्याच्या दुकानात काम करते.

गेल्या वर्षी आई घराच्या पायरीवरून उतरताना बसल्यासारखी खाली गेली आणि खुब्याचं हाड मोडलं. तीन इंचाची पायरी. बीडच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, मग कागदावरचं वय पुन्हा वाचलं आणि आम्हाला विचारलं, हे बरोबर लिहिलंय का? ऑपरेशन झालं, पण ती आता आधाराशिवाय उभी राहत नाही.

आप्पांनी तोडीला जाणं सोडलं. चार शेळ्या घेतल्या आहेत. सकाळी ते भाकरी करतात, जाड होतात, पण करतात. मग आईला दोन्ही हातांनी उचलून अंगणात बाजेवर बसवतात, तिचे केस विंचरून देतात आणि शेळ्या घेऊन माळाकडे जातात. मी महिन्यातून एकदा जाते. परवा गेले तेव्हा आई त्यांना म्हणत होती, "हळू, केस तुटत्यात." आप्पा म्हणाले, "हळूच करतोय." आणि खरंच फार हळू करत होते.