मामाचा रकाना

आमच्या तापीकाठच्या लोकांत स्थळ बघायला बसलं, की पोरीच्या शिक्षणाआधी मामा विचारतात. मामा कोण, कुठला, कोणत्या कुळातला. म्हणून समाजाच्या परिचय मेळाव्यासाठी मी प्रोग्राम लिहिला, तेव्हा माहितीची दोन टेबलं, म्हणजे तक्ते, केले. एक मुलींचं, दुसरं मामांचं, त्यात प्रत्येक मामाला एक अनुक्रमांक. एकाच मामाच्या चार-चार भाच्या, प्रत्येकीपुढे त्याचं गाव पुन्हा कशाला टाइप करा? फ्रेमवर्कच्या क्वेरी बिल्डरला, म्हणजे माहिती शोधून देणाऱ्या तयार साधनाला, एक जॉइन सांगितला, की मुलीच्या ओळीतला मामाचा क्रमांक बघून तो दोन्ही टेबलं जुळवतो. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

मेळावा शहाद्याच्या मंगल कार्यालयात होता. पडद्यावर एकेक मुलगी येत होती. पहिल्याच रांगेत कळसाडीची आमची शेजारीण, आमची ताई, लेकीला घेऊन सकाळपासून बसलेली. यादी संपली, टाळ्या झाल्या, तिची लेक काही आली नाही. पोरगी उगाच मोबाइल चाळत बसली. मला तिच्याकडे बघवेना.

ताई तरातरा माझ्या लॅपटॉपपाशी आली. "भाऊ, मन्ही पोर कोठे शे?"

मुलींच्या टेबलात ती होती. मामाचा क्रमांक तेवढा कोरा. ताईला सख्खा भाऊ नाही, तिने फॉर्मवरची ती जागा सोडून दिलेली. आणि साधा जॉइन दोन्हीकडे जोडी सापडली तरच ओळ घेतो. मामा नाही, म्हणून मी अख्खी पोरगीच गाळली होती. स्वतःचा असा राग आला म्हणता!

जॉइनचा लेफ्ट जॉइन केला. त्यात मुली सगळ्या येतात, मामा नसेल तिथे रकाना रिकामा राहतो. पोरगी पडद्यावर आली. फोटो, बी.एस्सी., कळसाडी. मी सुटकेचा श्वास सोडला.

ताई हलेना. "ती जागा कोरी काबर?"

"ताई, तूच काही लिहिलं नाहीस."

"मी कशी लिखू? ते तू लिखानं. दर सालले राखी कोनले बांधस मी?"

सगळं सभागृह बघत होतं. मी मामांच्या टेबलात स्वतःचं नाव भरलं, त्याचा क्रमांक पोरीच्या ओळीत टाकला. पडद्यावर पोरीपुढे माझं नाव आलं, तशी तिने मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि हसली.

ताई मात्र हसली नाही. म्हणाली, "आते मांडवमा पोरना मांगे तुलेच उभं ऱ्हानं शे."