बाय माझी न्हाय गं

तुमच्याकडं हळदीत 'बाय माझी न्हाय गं' वाजतं ना? आख्ख्या सोलापुरात वाजतं. बायका पदर खोचून नाचतात. माझं मात्र डोकंच फिरतं, कारण ते गाणं माझ्या मावशीचं आहे आणि ते नाचायचं गाणं नाहीच मुळी.

मावशी सांगोल्याकडची. तिच्या एकुलत्या लेकीचं लग्न ठरलं होतं, हळद तोंडावर आली होती आणि पोरगी तापानं गेली. मावशी चारचौघांत रडली नाही. डाळिंबाच्या बागेत खुरपता खुरपता एवढंच म्हणायची, "पानी तापलं हाय गं, बाय माझी न्हाय गं." न्हाय म्हणजे नाही हो! तिकडं नाहीला न्हायच म्हणतात.

बागेतल्या बायकांनी ती ओळ उचलली. त्यांच्यातली एक वैरागला दिलेली, तिच्या तोंडून तिथल्या बँडवाल्यानं चाल घेतली. बँडात शब्द कुठले, नुसतं वाजवणं! ठेक्यावर चाल गोड लागायची, मग ती हळदीत वाजायला लागली. पुढं सोलापुरातल्या एका गायकाला गाणं रेकॉर्ड करायचं होतं. त्याच्या घरी तेलुगू. कुणीतरी मूळ ओळ म्हणून दाखवली तर याला वाटलं, पाणी तापलंय, बाय न्हाय, म्हणजे नवरी न्हातेय! झालं. पुढची कडवी त्यानंच रचली, त्यात उटणं आलं, करवल्या आल्या. आता डीजेवाल्यांनी पार चुथडा केलाय. कुणी मुद्दाम नाही केलं, मला कळतं. पण राग यायचा तो येतोच.

माझ्या लेकीच्या हळदीला मावशी येणार म्हटल्यावर मला एकच धास्ती. ती हे ऐकून तिथंच कोसळली तर? डीजेवाल्याला बजावलं, "ते एक सोडून काय वाजवायचं ते वाजव बाबा." "व्हय ताई" म्हणाला, आणि पोरींनी गलका केल्याबरोबर मेल्यानं तेच लावलं! मी बंद करायला धावले, तर मावशीनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे की."

"अगं, चुकीचं म्हणतायत ते. तुझं गाणं नासवलं यांनी."

"म्हाईत हाय मला. गावातली पोरं मोबाईलवर लावत्यात, लई येळा ऐकलंय."

ती माझ्या लेकीकडं बघत होती. लेक पाटावर बसलेली, तोंडभर हळद, बायका डोक्यावरून पाणी घालत होत्या.

"मी म्हनत बसले, माझी न्हाय, माझी न्हाय," मावशी म्हणाली. "ही मानसं म्हनत्यात, न्हातीया. मग न्हाऊ दे की गं तिला. हळद लागायची ऱ्हायली व्हती तिची."

मला रडूच फुटलं. डीजेवाला घाबरला. "ताई, बंद करू का?"

"वाढव," मी म्हटलं.