काकांनी न सोडलेला चार्ज

समोरच्या घरातले काका ऑगस्टमध्ये वारले आणि जानेवारी उजाडला तरी त्यांनी घराचा चार्ज सोडला नव्हता. हे वाक्य माझं नाही, काकूंचं आहे, आणि त्यांनी ते मला पोहे वाढता वाढता, लिंबू हवं का विचारावं इतक्या साधेपणाने सांगितलं.

ते समजायला काकांचं वेड माहीत हवं. त्यांनी डेट्रॉइटच्या आसपास जन्मभर गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन केले, पण जीव जडला होता तो हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या रजेच्या नियमांवर. त्यांचे वडील मुंबईला सचिवालयात होते, त्यांच्याकडून हा वारसा आलेला. डेट्रॉइटशेजारच्या आमच्या ट्रॉय गावात कुठल्याही पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने पदार्थ आणायच्या जेवणाला, काका प्लेट घेऊन सुरू व्हायचे. "साहेब आजारी पडला की कुठे जायचा? आफ्रिकेच्या टोकाला, केपला. का? तिथपर्यंत गेला तर नोकरी शाबूत. पुढे विलायतेला गेला की खुर्ची गेली. म्हणून बिचारे केपच्या किनाऱ्यावर, घराकडे तोंड करून खोकत बसायचे." मग स्वतः खोकून हसायचे. त्यांचं हसणं खोकल्यातूनच यायचं.

त्यांचा लाडका नियम मात्र चार्जचा. रजा मंजूर झाली म्हणून सुरू होत नाही, चार्ज दिला की सुरू होते. देणारा आणि घेणारा समोरासमोर हवेत, जागेवर हवेत. दुपारी बाराच्या आत दिला तर रजा आजपासून, बारानंतर दिला तर उद्यापासून. "आणि ज्याने चार्ज दिला नाही," काका आवाज खाली आणायचे, "तो बोटीत बसून निघून गेला, तरी जागेवरच आहे."

घरीही त्यांनी हेच चालवलं. काकू शिकागोला भाचीकडे निघाल्या तरी दाराजवळ उभं राहून किल्ली हातात द्यायची, "चार्ज दिला" म्हणायचं, समोरच्याने "घेतला" म्हणायचं. आम्ही टिंगल करायचो. काकूही हसायच्या, पण म्हणायच्या.

ऑगस्टमध्ये छातीत दुखतंय म्हणून काकांना अँब्युलन्समधून नेलं. जाताना "संध्याकाळी येतोच" म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशातच राहिली.

त्यानंतर काकू एक रात्रही घराबाहेर राहिल्या नाहीत. हीटिंगचा थर्मोस्टॅट त्या झोपताना खाली आणायच्या, सकाळी तो अडुसष्ट फॅरनहाइटवर असायचा. अडुसष्ट हा काकांचा आकडा. सिएटलला राहणारी मुलगी फोनवर म्हणाली, "मॉम, इट्स अ स्मार्ट थर्मोस्टॅट." काकू म्हणाल्या, "तुझे बाबाही स्मार्टच होते." नोव्हेंबरमध्ये उन्हाळी वेळ संपली की इथे सगळी घड्याळं तासभर मागे करतात; हॉलमधलं भिंतीवरचं तेवढं राहून गेलं, तेही काकूंनी तसंच ठेवलं. ते काम ज्याच्याकडे चार्ज त्याचं.

मी हे सगळं मजेत ऐकत होते. मग नागपूरहून फोन आला. काकूंच्या धाकट्या बहिणीची आठवण पुसत चालली होती. आधी आठवणीतून सुना गेल्या, मग नातवंडं, मग नवरा. उरल्या होत्या फक्त काकू. ताई कधी येणार, एवढंच ती विचारत होती. ही ओळखही महिनाभर टिकेल असं डॉक्टरांना वाटत नव्हतं. काकूंनी दोनदा तिकीट काढलं आणि दोनदा कॅन्सल केलं. शेवटी मुलीने मला फोन केला. "मावशी, प्लीज, शी लिसन्स टू यू."

तिसऱ्या तिकिटाच्या दिवशी मी त्यांना एअरपोर्टला सोडायला गेले. बॅग दाराशी, काकू कोट घालून जिन्याच्या पायरीवर.

"मी येत नाही. चार्ज ह्यांच्याकडे आहे. मी घ्यायचा कोणाकडून?"

आता माझ्याविषयी एक सांगते. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात पुरुषांच्या भूमिका मी करते, कारण आमचे पुरुष तालमीला येत नाहीत. मिशी लावली की मला कसलीही लाज उरत नाही. काकांची नक्कल तर मी त्यांच्या देखत करायचे आणि तेच सगळ्यांत जास्त खोकायचे.

"काका देतील ना चार्ज," मी म्हटलं.

"चेष्टा करू नकोस गं."

"चेष्टाच करतेय. चालली तर चालली."

मी कपाटातून काकांचा जाड कोट काढून चढवला. खिशात हात घातला तर किल्ली; हॉस्पिटलमधून परत आली तशी काकूंनी ती त्यांच्याच खिशात ठेवलेली. काकूंनी घड्याळाकडे बोट दाखवलं. "बारा वाजून गेले. आता रजा उद्यापासून. विमान आज आहे."

माझ्या फोनमध्ये अकरा वाजून गेले होते, पण त्या घरात फोनला कोण विचारतो? मी स्टूल ओढलं, चढले, आणि काकांच्या आवाजात म्हणाले, "अरे, हे अजून उन्हाळ्यातच आहे." काटा तासभर मागे फिरवला. त्याच क्षणी तळघरातली, घर गरम ठेवणारी फर्नेस बंद झाली. फर्नेस बंद होतेच अधूनमधून. पण जानेवारीत ती थांबली की घर कान देऊन ऐकतंय असं वाटतं.

मी खाली उतरले, किल्ली पुढे धरली. "रजा मंजूर" असं झोकात म्हणायचं मी ठरवलं होतं. तोंडून आलं ते वेगळंच.

"चार्ज दिला. जरा उशीरच झाला."

आणि मी खोकले. नक्कल मी करते तेव्हा खोकला घशातून काढते. हा छातीतून आला.

काकू उठल्या. "घेतला," म्हणाल्या, रोज म्हणत असल्यासारख्या. किल्ली क्षणभर मुठीत धरली आणि माझ्यापुढे केली. "आता तू घे." मी कोट उतरवून हसत हसत म्हटलं, "घेतला."

पाईप गोठू नयेत म्हणून मी रोज समोर जायचे. थर्मोस्टॅट मी ठेवेन तिथेच राहायचा; शेवटी मीच तो अडुसष्टवर ठेवू लागले. पूर्वी त्या घरात एकटी बसले तरी कोणीतरी आतल्या खोलीत आहे असं वाटायचं. आता कोणी नव्हतं. काका रजेवर गेले होते.

नागपूरहून काकूंचा फोन आला. "हिने मला पाहिलं आणि म्हणाली, ताई, किती जाडी झालीस." बोलताना रडत होत्या. बहीण त्यानंतर कोणालाच ओळखेनाशी झाली, तरी काकू तिच्या उशाशी राहिल्या. ती गेली, आणि काकू तिथल्याच झाल्या. मुलीने घर विकलं. मी फोनवर विचारलं, "काकू, चार्जचं काय? तुम्हाला परत देते."

"फोनवर नाही देता येत गं," काकू म्हणाल्या. "मी आले की घेईन."

त्या यायच्या नाहीत, हे आम्हा दोघींना कळत होतं.

आता समोर पुण्याचं तरुण जोडपं राहतं. घड्याळ घरासोबतच त्यांना मिळालं. परवा त्यातली मुलगी चहाला आली. बराच वेळ बिस्किट बुडवत राहिली.

"काकू, हसू नका हं. आधीचे लोक काही बोलले होते का? म्हणजे, घराबद्दल?"

"का गं?"

"थर्मोस्टॅट आपोआप अडुसष्टवर जातो. वेळ बदलली त्या रविवारी सकाळी उठलो तर हॉलमधलं घड्याळ कोणीतरी आधीच मागे केलेलं. आणि कधीकधी खाली एक बाई हसते. अगदी मजेत."

मी त्या घरात वर्षभर पाऊल टाकलेलं नाही. रविवारी सकाळी मी माझ्या अंथरुणात होते, एवढं नक्की. मात्र उठले तेव्हा, खूप वेळ उंच धरल्यासारखा, उजवा हात दुखत होता.

तिला सांगता आलं असतं. दाराशी दोन मिनिटं उभी राहा, बाराच्या आत, आणि "घेतला" म्हण. पण खरं सांगू? मला सोडवेना.

"घर जुनं झालं की आवाज येतात," मी म्हटलं आणि तिला आणखी चहा ओतला.

"तुम्ही हसताय," ती म्हणाली.

मी हसत नव्हते.

आम्ही दोघींनी खिडकीतून समोर पाहिलं.