सपाट भिंग

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाडजूड चष्मा लागला. तेव्हा डोळ्यात भिंग बसवायची सोय आमच्यासारख्यांना नव्हती, सगळा भार नाकावर. मी त्यांना घेऊन औरंगाबादेत गुलमंडीवर गेलो.

चष्मेवाल्याने दोन भिंगं पुढे ठेवली. एक चांगलं फुगीर, दुसरं पुढून सपाट.

"मिस्त्री, नंबर दोन्हीचा एकच. फरक गोलाईचा हाय. फुगीर घ्या, कडंचंबी सरळ दिसंल. सपाट्यातून मधलंच तेवढं बराबर दिसतं."

आबा गवंडी. गिलाव्यावरून फिरवावा तसा त्यांनी दोन्हीवरून अंगठा फिरवला आणि फुगीर भिंग मागे सारलं.

"याला पोट आलंय. असली चीज मी पास करीत नसतो."

भिंत फुगली की गवंडी तिला पोट आलं म्हणतात. माणूस जन्मभर जे शिकला त्यानेच त्याला बुडवावं, याचा मला अजून संताप येतो.

चितेगावला नवे कारखाने उभे राहत होते, तिथल्या एका कंपाउंडचं काम आबांकडे होतं. मान न हलवता नुसता डोळा फिरवून भिंत जोखायची त्यांची सवय. डोळा फिरला की नजर भिंगाच्या कडेतून जायची, आणि तिथं सरळ रेघ वाकायची. कामावरच्या जोडीदाराने ओळंबा सोडला, तर त्याची दोरीही त्यांना वाकडीच दिसली.

"वारं हाय," आबा म्हणाले. मिस्त्रीपुढे बोलायची जोडीदाराची काय बिशाद! भिंत ते आपल्या नजरेने सरळ करत गेले.

भिंत वाकडी जातेय म्हणून ठेकेदाराने काम थांबवलं तेव्हा आबांनी त्यालाच आंधळा ठरवलं. शेवटी मायने हट्ट धरला म्हणून आम्ही पुन्हा गुलमंडीवर जाऊन फुगीर भिंगं बसवून आणली. परतताना आबा घरी न जाता थेट कामावर गेले.

भिंतीवरून त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसता डोळा फिरवला.

"ही कुनाची भिंत?"

जोडीदार खाली बघत म्हणाला, "आपलीच हाय, मिस्त्री."

आबांनी पहार मागितली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, एकट्याने सगळी भिंत पाडली. त्यानंतर ते कधी कामावर गेले नाहीत.